घाव हातांचा, जोर पायांचा

बेसबॉलचा सामना कधी पाहायला मिळाला, तर फलंदाज आल्या आल्या काय करतो तिकडे लक्ष द्या. बॅट उगारण्याआधी तो माती उकरतो. जिच्यावरून चेंडू टाकायचा असतो त्या होम प्लेटच्या शेजारी पांढऱ्या रेषांनी आखलेला सहा फूट लांब आणि चार फूट रुंद चौकोन असतो. त्याच्या मागच्या बाजूला, बुटाच्या खिळ्यांनी, तो एक लहानसा खळगा करतो. मागचं पाऊल त्यात बसवतो, एकदोनदा दाबून बघतो. पाऊल पक्कं बसल्याची खात्री झाली की मगच मान वर करून चेंडू टाकणाऱ्या पिचरकडे पाहतो.

टीव्हीवर बघणाऱ्याला ही नुसती सवय वाटते. पण सगळ्या फटक्याची गुरुकिल्ली त्या खळग्यात आहे. चेंडू बॅटला लागतो, बॅट हातात असते, म्हणून श्रेय हातांना मिळतं. दंडातली बेटकुळी आपल्याला दिसते, मातीत रुतलेलं पाऊल नजरेतून सुटतं. एखादा माणूस ‘पाय रोवून उभा राहिला’ असं आपण म्हणतो, तेव्हा त्याच्या निर्धाराबद्दल बोलत असतो. बेसबॉलच्या फलंदाजाला हे शब्द जसेच्या तसे लागू पडतात. त्याचा जोर जमिनीतून निघतो, पायांतून वर चढतो, खुब्यांपाशी त्याची फिरकी होते आणि धड, खांदे, हात अशा पायऱ्या चढत तो बॅटच्या टोकापर्यंत पोहोचतो. या प्रवासात एकच गोष्ट पुन्हा पुन्हा घडते. शरीराचा एक भाग वेगाने निघतो आणि मग थांबतो. तो थांबतो म्हणूनच पुढचा भाग त्याच्याहून वेगाने धावतो. बेसबॉलच्या फटक्यातली खरी करामत या थांबण्यात आहे.

वेळ किती, काम किती

पिचर जिथून चेंडू टाकतो तिथपासून होम प्लेटपर्यंतचं अंतर ६० फूट ६ इंच, म्हणजे १८.४४ मीटर. टाकताना पिचर पुढे झेप घेतो, त्यामुळे चेंडू हातातून सुटतो तेव्हा हे अंतर आणखी कमी झालेलं असतं. ताशी ९५ मैलांचा, म्हणजे सुमारे १५३ किलोमीटर वेगाचा चेंडू हे अंतर साधारण ०.४ सेकंदात कापतो. पापणी लवते न लवते तोच चेंडू अंगावर आलेला असतो. यातला सुमारे ०.१५ सेकंद बॅट फिरवण्यातच जातो. उरलेल्या पाव सेकंदात चेंडू ओळखायचा, तो कुठे येणार याचा अंदाज बांधायचा आणि मारायचा की सोडायचा हे ठरवायचं.

आता कामाचा हिशेब मांडू. व्यावसायिक फलंदाजाची लाकडी बॅट साधारण ९०० ग्रॅमची असते. चेंडूला लागताना तिच्या जाड भागाचा वेग सरासरी ताशी ११५ किलोमीटरच्या आसपास असतो. एवढ्या वेगात फिरणाऱ्या बॅटमध्ये सुमारे साडेतीनशे ज्यूल ऊर्जा असते. ती ०.१५ सेकंदात भरायची, म्हणजे तेवढ्या क्षणापुरती तीन अश्वशक्तीहून थोडी अधिक ताकद लावायची. शेतातल्या विहिरीवर तीन अश्वशक्तीची मोटर बसवलेली अनेकांनी पाहिली असेल. तेवढं यंत्र क्षणभर माणसाच्या शरीरात चालू होतं, आणि हा हिशेब नुसत्या बॅटचा आहे. स्वतःचं धड आणि हात फिरवायला लागणारी ऊर्जा वेगळी. मनगट आणि दंडाचे स्नायू आकाराने लहान आहेत. त्यांच्याकडून हे ओझं उचललं जाणार नाही. शरीरातले सगळ्यांत मोठे स्नायू नितंबांत आणि मांड्यांत आहेत. जोर हवा असेल तर तो तिथूनच आणावा लागतो.

बॅटच्या वेगाला एवढं महत्त्व का, याचंही उत्तर गणितात आहे. इलिनॉय विद्यापीठाचे भौतिकशास्त्रज्ञ ॲलन नेथन यांनी बॅट आणि चेंडूच्या टकरीचा बारकाईने अभ्यास केला. बॅटच्या योग्य भागावर चेंडू लागला, तर परत जाणाऱ्या चेंडूच्या वेगात बॅटचा वाटा येणाऱ्या चेंडूच्या वेगापेक्षा सुमारे सहापट असतो. पिचरने ताशी एक मैल वेग वाढवला तर परतणाऱ्या चेंडूला जेमतेम ०.२ मैलाचा लाभ होतो. फलंदाजाने बॅटचा वेग एका मैलाने वाढवला तर लाभ १.२ मैलांचा होतो. चेंडूच्या वेगातला प्रत्येक वाढीव मैल उंच उडालेल्या फटक्याला साधारण पाच फूट लांब नेतो. कुंपणापाशी झेल की कुंपणापलीकडे होमरन, हे कित्येकदा एवढ्याशा फरकाने ठरतं.

जमीनच फिरवते

आता खळग्याकडे परत येऊ. हवेत लटकलेला माणूस स्वतःला गरकन फिरवू शकत नाही. त्याने कंबर एका बाजूला वळवली तर खांदे उलट बाजूला जातात. फिरायचं असेल तर बाहेरच्या कशाला तरी रेटा द्यावा लागतो आणि फलंदाजाच्या हाताशी, खरं म्हणजे पायाशी, एकच गोष्ट आहे. ती म्हणजे जमीन. न्यूटनचा तिसरा नियम आपण शाळेत पाठ केलेला असतो. तुम्ही जमिनीला जेवढ्या जोराने ढकलता, तेवढ्याच जोराने जमीन तुम्हाला उलट ढकलते.

उजव्या हाताने खेळणारा फलंदाज पिचरकडे डावी बाजू करून उभा असतो. प्लेट त्याच्या छातीसमोर असते. फटका मारताना तो डावीकडे फिरतो आणि शेवटी त्याची छाती पिचरकडे होते. वरून पाहिलं तर ही फिरकी घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने आहे. ती मिळवण्यासाठी पुढचा, म्हणजे डावा पाय जमिनीला प्लेटच्या बाजूला रेटतो. मागचा, म्हणजे उजवा पाय जमिनीला पाठीच्या बाजूला रेटतो. जमीन दोन्ही रेटे परत करते. पुढचं पाऊल पाठीकडे ढकललं जातं आणि मागचं प्लेटकडे. मालवाहू ट्रकचं मोठं स्टिअरिंग वळवताना चालकाचा एक हात वर ओढतो आणि दुसरा खाली, आणि चाक जागच्या जागी फिरतं. इथे चालकाचे हात म्हणजे जमिनीने दिलेले दोन रेटे आणि स्टिअरिंग म्हणजे फलंदाजाचं ओटीपोट.

दोन हातांमधलं अंतर जास्त असलं की स्टिअरिंग कमी जोरात वळतं. फलंदाजाची दोन पावलं एकमेकांपासून दूर का असतात, ते यावरून कळेल. पावलं जवळ घेऊन उभा राहिला तर रेट्याला तरफ मिळत नाही. फार फाकवली तर खुबे अडकून बसतात. प्रत्येक फलंदाज आपल्या उंचीप्रमाणे मधली जागा शोधतो. आणि पाय घसरला तर हे सगळं फुकट जातं. बर्फाच्या लादीवर उभा केलेला जगातला सर्वांत बलवान फलंदाजही चेंडूला नीट हाणू शकणार नाही. म्हणून बुटाला खिळे असतात, आणि म्हणूनच तो खळगा.

एक फटका, सावकाश

संथ गतीच्या चित्रफितीत हा फटका पायापासून वर पाहत गेलं की त्याचे टप्पे वेगवेगळे दिसतात.

पिचर हात मागे नेतो, तेव्हा फलंदाजही मागे सरतो. वजन मागच्या पायावर येतं. ते पावलाच्या आतल्या कडेवर आणि मांडीच्या आतल्या बाजूला पेललं जातं. गुडघा बाहेर कलू द्यायचा नाही, कारण तो कलला की साठवलेला जोर बाजूला सांडतो. पुढचा गुडघा थोडा आत वळतो, त्याबरोबर ओटीपोटही थोडं मागे वळतं. धनुष्याची दोरी ओढावी तशी ही तयारी असते.

मग पुढचा पाय उचलला जातो आणि पिचरच्या दिशेने छोटं पाऊल पडतं. शरीर पुढे सरकतं, पण डोकं आणि हात मागेच राहतात. पाऊल टेकताना आधी चवडा टेकतो, मग टाच. टाच टेकली की सगळं बदलतं. इतका वेळ वाकलेला पुढचा गुडघा सरळ होऊ लागतो. तो पाय खांबासारखा ताठ होतो आणि पुढे येणारं शरीर त्याच्यावर येऊन अडतं. १९९५ साली वेल्श आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी व्यावसायिक फलंदाजांच्या फटक्याची मोजमापं प्रसिद्ध केली. त्यात पुढचं पाऊल टेकल्यावर त्याने जमिनीवर दिलेला जोर शरीराच्या वजनाच्या १२३ टक्के भरला. नव्वद किलोच्या माणसाने एका पायावर एकशेदहा किलोंचा भार घ्यावा, तसं हे झालं.

ताठ होणारा पुढचा पाय पुढच्या खुब्याला मागे ढकलतो. त्याच वेळी मागची मांडी आणि नितंब मागच्या खुब्याला पुढे आणतात. एक खुबा मागे, एक पुढे, आणि मधलं ओटीपोट गर्रकन वळतं. वेल्श यांच्या मोजमापात ओटीपोटाच्या फिरण्याचा कमाल वेग सेकंदाला ७१४ अंश आढळला. याच वेगाने ते फिरत राहिलं असतं तर एका सेकंदात जवळजवळ दोन गिरक्या झाल्या असत्या. प्रत्यक्षात त्याला साधारण पाव गिरकीच घ्यायची असते, पण ती याच वेगात.

याच क्षणी शरीरात एक सुंदर गोष्ट घडते. ओटीपोट पिचरकडे वळायला लागलेलं असतं, पण खांदे अजून मागेच असतात. ओलं धोतर पिळताना एक टोक घट्ट धरून दुसरं वळवतात, तसा कमरेला पीळ पडतो. पोटाचे तिरके स्नायू, बरगड्यांच्या बाजू आणि पाठ ताणली जातात. आधी ताणलेला आणि लगेच आकसणारा स्नायू नुसत्या आकसणाऱ्या स्नायूपेक्षा जास्त जोर देतो. उडी मारण्याआधी आपण नकळत गुडघे वाकवतो, त्यामागेही हेच कारण आहे. पीळ सुटतो तसे खांदे फिरतात, आणि ते ओटीपोटापेक्षा वेगाने फिरतात. वेल्श यांना खांद्यांचा कमाल वेग सेकंदाला ९३७ अंश आढळला. त्यानंतर हात, त्यानंतर बॅट, आणि शेवटी बॅटच्या टोकाकडचा वेग सेकंदाला ३१ मीटर.

थांबलं की पुढे जातं

खालच्या भागापेक्षा वरचा भाग वेगाने फिरतो, तो वेग कुठून येतो? उभ्याने एस.टी.चा प्रवास केलेल्या प्रत्येकाला याचं उत्तर अंगाने माहीत आहे. चालकाने करकचून ब्रेक लावला की पाय गाडीच्या तळाबरोबर थांबतात आणि वरचं अंग पुढे फेकलं जातं. ब्रेक जेवढा अचानक, तेवढा झोका मोठा. फलंदाज हा ब्रेक मुद्दाम लावतो, आणि एकदा नव्हे, लागोपाठ अनेकदा.

पहिला ब्रेक म्हणजे पुढचं पाऊल. ते शरीराचं पुढे सरकणं अडवतं आणि सरळ गतीची फिरकी करतं. दुसरा ब्रेक ओटीपोटाचा. कमाल वेग गाठल्यावर ते मंदावतं, आणि त्याच्याजवळची गती धडाकडे जाते. मग धड मंदावतं आणि गती हातांकडे जाते. शेवटी हात मंदावतात आणि सगळी पुंजी बॅटच्या पदरात पडते. दर पायरीला फिरणारा भाग आधीच्यापेक्षा हलका असतो. जड भागाची गती हलक्या भागाला मिळाली की हलका भाग वेगाने धावतो. आसूड ओढणाऱ्याचा हात सावकाश फिरतो, पण वादीचं टोक कडाडतं, ते याच नियमाने. मूठ थांबते तेव्हाच टोक सुसाट सुटतं. मूठ पुढे धावतच राहिली तर आसूड नुसता लोंबकळतो.

नवशिक्याचं नेमकं इथेच चुकतं. त्याचा पुढचा गुडघा फटक्याच्या वेळी वाकलेला राहतो, शरीर पुढे वाहत जातं आणि ब्रेक लागतच नाही. किंवा ओटीपोट आणि खांदे एकदमच फिरतात. मग पीळ पडत नाही, आणि जी गती एका पायरीवरून दुसरीवर जायला हवी ती सगळीकडे वाटली जाऊन विरून जाते. अशा मुलाला ‘जोरात मार’ म्हणून ओरडलं की तो दंड आणखी आवळतो. आवळलेले दंड आसुडाच्या वादीसारखे सैल राहत नाहीत, त्यामुळे वेग आणखी घटतो. ज्याला जोर हवा त्याचे हात फटक्याच्या सुरुवातीला मोकळे असावे लागतात.

पायांचा हा वाटा स्नायूंमधल्या विजेच्या मोजणीतूनही दिसला आहे. स्नायू काम करू लागला की त्यात सूक्ष्म विद्युत संकेत उमटतात आणि ते टिपता येतात. अमेरिकेतल्या शेफर, जोब आणि सहकाऱ्यांनी १९९३ साली व्यावसायिक फलंदाजांच्या स्नायूंचे असे संकेत नोंदवून निष्कर्ष मांडले. यातले फ्रँक जोब म्हणजे १९७४ साली पिचर टॉमी जॉन यांच्या कोपरावर पुढे प्रसिद्ध झालेली शस्त्रक्रिया करणारे शल्यचिकित्सक. अभ्यासात क्रम स्पष्ट दिसला. आधी मांडीचे मागचे स्नायू आणि नितंब, मग धड, आणि अखेरीस हात. फटक्याची शक्ती खुब्याशी सुरू होते, असा त्यांचा निर्वाळा होता.

दोन गुरूंचा वाद

मोजणीची यंत्रं येण्याआधी हे सगळं खेळाडूंनी अंगाच्या अनुभवाने शोधलं होतं, आणि त्यावरून कडाक्याचे वाद घातले होते. बॉस्टन रेड सॉक्सचे टेड विल्यम्स यांनी १९४१ च्या हंगामात .४०६ ची सरासरी राखली, म्हणजे मोजल्या जाणाऱ्या दर हजार संधींत ४०६ यशस्वी फटके. मेजर लीगच्या, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च व्यावसायिक बेसबॉलच्या, अमेरिकन आणि नॅशनल या दोन लीगमध्ये पात्र ठरण्याइतक्या वेळा फलंदाजी करून हंगामात .४०० पार करणारा त्यांच्यानंतर कुणी झाला नाही. निवृत्तीनंतर त्यांनी ‘द सायन्स ऑफ हिटिंग’ हे पुस्तक लिहिलं. त्यात त्यांचा भर खुब्यांवर होता. पुढचा गुडघा आत वळवून खुबे ताणून धरा, मग खुब्यांना पुढे निघू द्या, हात त्यांच्या मागून येतील, ही त्यांची शिकवण.

दुसरीकडे प्रशिक्षक चार्ली लाउ होते. शरीराचं वजन मागून पुढे जाणं हा त्यांच्या शिकवणीचा कणा होता. त्यांचे शिष्य जॉर्ज ब्रेट यांनी १९८० साली .३९० ची सरासरी गाठली, म्हणजे तेही .४०० च्या उंबरठ्यावर जाऊन आले. अमेरिकेत वर्षानुवर्षं प्रशिक्षकांचे दोन तट होते. एक म्हणे जागेवर फिरा, दुसरा म्हणे पुढे जा.

पुढच्या पावलाचं काम एकदा लक्षात आलं की या वादाची गाठ सुटते. शरीर आधी पुढे जातं, मग पाऊल त्याला अडवतं आणि मग ते फिरतं. लाउ यांनी पहिला अर्धा भाग पाहिला, विल्यम्स यांनी दुसरा. नुसतं पुढे जाऊन फिरकी मिळत नाही. आणि आधी पुढे जायला काही गतीच नसेल, तर ताठ पायाला अडवायला काही उरत नाही. माझ्या मते दोघेही खरे होते, आणि दोघांना जोडणारा दुवा म्हणजे तो एक ताठ पाय.

एका पायावरचा सम्राट

या विद्येचं सर्वांत देखणं उदाहरण जपानमध्ये घडलं. सादाहारू ओह १९५९ साली तोक्योच्या योमिउरी जायंट्स संघात दाखल झाले, ते पिचर म्हणून. संघाने त्यांना फलंदाज केलं. पहिल्या तीन हंगामांत त्यांचे होमरन होते ७, १७ आणि १३. ताकद होती, पण वेळ साधत नव्हती. शरीर चेंडूच्या आधीच पुढे पळायचं.

१९६२ साली संघाला फलंदाजीचे नवे प्रशिक्षक मिळाले, हिरोशी अराकावा. त्यांनी ओह यांना आयकिदोच्या आखाड्यात नेलं. आयकिदोत शरीराचं केंद्र बेंबीच्या खाली, ओटीपोटात मानतात. सगळी हालचाल तिथून सुरू करायची आणि तोल तिथे ठेवायचा. अराकावांनी ओह यांना पुढचा पाय उंच उचलून एका पायावर उभं राहायला शिकवलं. एका पायावर उभा राहणारा माणूस घाई करू शकत नाही. तोल गेला तर तो तिथेच पडतो. त्यामुळे ओह यांना मागच्या पायावर, खुब्यावर, शांतपणे थांबणं भाग पडलं. १ जुलै १९६२ रोजी ते पहिल्यांदा सामन्यात असे उभे राहिले आणि त्याच सामन्यात त्यांनी होमरन मारला. त्या हंगामाअखेर त्यांचे ३८ होमरन झाले होते.

सराव कठोर होता. छताला दोऱ्याने टांगलेला कागद जपानी तलवारीने कापायचा. लोंबणारा कागद दंडाच्या धसमुसळ्या जोराला दाद देत नाही. तो वाऱ्याने बाजूला सरकतो. पाय स्थिर राहून कंबर वळली आणि पातं तिच्या मागून सरळ रेषेत आलं, तरच तो कापला जातो. तातामीच्या चटईवर हे असंख्य वेळा केल्यावर कमरेची वळण्याची वाट अंगात मुरली. ओह यांनी १९६२ ते १९७४ अशी सलग तेरा वर्षं आपल्या लीगमध्ये सर्वाधिक होमरन मारले. ३ सप्टेंबर १९७७ रोजी त्यांनी ७५६ वा होमरन मारून अमेरिकेतल्या हँक ॲरन यांचा ७५५ होमरनचा आकडा ओलांडला आणि १९८० मध्ये ८६८ वर थांबले.

म्हणून प्रत्येकाने पाय उंच उचलावा असं नाही. शोहेई ओहतानी जपानमध्ये पाय उचलून खेळत. २०१८ साली अमेरिकेत आल्यावर वेगवान चेंडूंपुढे उशीर होऊ लागला, तेव्हा त्यांनी ते सोडलं आणि पुढच्या पायाचा अंगठा जागच्या जागी टेकवून ठेवायला सुरुवात केली. टाच खाली येण्याआधी गुडघा आत वळतो आणि खुबा ताणला जातो, एवढं त्यांना पुरतं. २०२४ च्या हंगामात याच पद्धतीने त्यांनी ५४ होमरन मारले. पाय किती उचलायचा हा ज्याच्या त्याच्या अंगाचा प्रश्न आहे. पाऊल टेकताना खुबा ताणलेला असणं मात्र सगळ्यांना सारखंच लागू आहे.

पिचरचा नेम कमरेवर

पिचरलाही हे सगळं ठाऊक असतं. चेंडू हातातून सुटतो तेव्हा फलंदाजाचा पाय पुढे निघालेला असतो, म्हणजे मारायचं की नाही हे ठरण्याआधीच पायांचं काम सुरू होतं. पायांनी तयारी करून ठेवायची आणि शेवटच्या क्षणापर्यंत कंबर राखून ठेवायची, ही फलंदाजाची कसरत. म्हणून पिचर वेगवान चेंडूच्याच आविर्भावात संथ चेंडू टाकतो. तो फसवतो डोळ्यांना, पण मार बसतो खुब्यांना. पुढचा खुबा लवकर उघडतो, साठवलेला पीळ चेंडू येण्याआधीच सुटून जातो आणि शेवटी हातात उरते ती नुसत्या दंडांची ताकद. अशा वेळी चेंडू बॅटला लागला तरी जमिनीवर दोनचार टप्पे खात जातो.

मागच्या पायाबद्दल एक जुनी शिकवण अमेरिकेतल्या मुलांना दिली जाई. पायाखाली किडा चिरडल्यासारखा मागचा चवडा फिरव, असं सांगत. मागची टाच उचलली जाते आणि पाऊल वळतं, हे खरंच. पण ते खुबा फिरल्याचा परिणाम म्हणून वळतं. मुद्दाम चवडा फिरवत बसलं तर वजन मागेच अडकून राहतं. मोठ्या फलंदाजांची छायाचित्रं पाहा. चेंडू लागण्याच्या क्षणी मागच्या पायावर कित्येकदा भारच नसतो, फक्त बुटाचं टोक मातीला टेकलेलं असतं. हँक ॲरन तर पुढच्या पायावर जाऊन मारण्यासाठी ओळखले जात.

एवढा पीळ रोज शेकडो वेळा घ्यायचा, त्याची किंमतही शरीर मोजतं. बरगड्यांच्या बाजूचे तिरके स्नायू ओढले जाणं ही फलंदाजांची नेहमीची दुखापत आहे. अलेक्स रॉड्रिग्ज यांच्यासारख्या बलाढ्य फलंदाजाला २००९ मध्ये एका आणि २०१३ मध्ये दुसऱ्या खुब्यावर शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली. खुबा मोकळा फिरत नसेल तर त्याचं काम पाठ आणि गुडघे ओढू लागतात, म्हणून खेळाडू ताकदीइतकाच वेळ खुब्यांच्या लवचिकतेवर घालवतात.

आणि हातांना कमी लेखू नये. बॅट चेंडूपर्यंत आणणं हातांचंच काम आहे. २०२४ पासून मेजर लीगमधल्या प्रत्येक फटक्याचा बॅटचा वेग लोकांसमोर मांडला जातो. त्यात जियानकार्लो स्टँटन ताशी सुमारे १३० किलोमीटरने बॅट फिरवताना दिसतात, तर लुईस अराएझ यांचा वेग ताशी सुमारे १०० किलोमीटर, म्हणजे यादीच्या अगदी तळाशी. तरी याच अराएझ यांनी २०२२, २०२३ आणि २०२४ अशी तीन वर्षं, तीन वेगवेगळ्या संघांकडून खेळताना, त्या त्या लीगमध्ये फलंदाजीची सर्वोत्तम सरासरी राखली. पाय वेग देतात, हात आणि डोळे तो वेग चेंडूवर नेऊन ठेवतात.

आपल्या अंगणात

हे समजायला बेसबॉलचं मैदान लागत नाही. पाय जमिनीला टेकणार नाहीत अशा उंच स्टुलावर बसा आणि वर्तमानपत्राची गुंडाळी आडवी फिरवा. मग उभं राहून, पाय खांद्यांपेक्षा जरा जास्त फाकवून तीच गुंडाळी फिरवा. तिसऱ्या वेळी छोटं पाऊल पुढे टाका, टाच टेकू द्या, गुडघा ताठ करा आणि कंबर वळली की मगच हात सोडा. तिन्ही वेळा गुंडाळीचा आवाज ऐका. तिसऱ्या वेळचा सपकारा वेगळाच असेल.

क्रिकेटमध्ये समोर मारलेला ड्राइव्ह खांद्यांच्या वरखाली झोक्यावर चालतो. पण रोहित शर्माचा पुल पाहा. मागच्या पायावर भार, मग वळणारी कंबर, आणि शेवटी बॅट. तिथे बेसबॉलचीच फिरकी दिसेल. महाराष्ट्रातल्या शालेय स्पर्धांमध्ये सॉफ्टबॉल आणि बेसबॉल खेळणाऱ्या मुलामुलींनाही हीच विद्या हवी आहे. त्यांना शिकवणाऱ्या सरांना आणि मॅडमना माझी कळकळीची विनंती आहे. ‘हात जोरात फिरव’ हे वाक्य थोडे दिवस बाजूला ठेवा. आधी पाऊल कसं टेकतं ते पाहा, गुडघा ताठ होतो का ते पाहा, कंबर खांद्यांच्या आधी निघते का ते पाहा. किरकोळ बांध्याच्या मुलीच्या फटक्यातही मग जोर येईल, कारण तो ती जमिनीकडून घेत असेल.

२०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये क्रिकेट आणि बेसबॉल दोन्ही खेळले जाणार आहेत. तेव्हा बेसबॉलचा सामना लावलात, तर पहिली काही मिनिटं चेंडूकडे पाहू नका, फलंदाजांच्या पायांकडे पाहा. प्रत्येक जण येईल, माती उकरेल, पाऊल बसवेल आणि मग बॅट उचलेल. सामना संपला की मैदानाची निगा राखणारी माणसं त्या चौकोनात येतात, पडलेले खळगे चिकणमातीने भरतात आणि ठोकून सपाट करतात. दुसऱ्या दिवशी पहिला फलंदाज येतो आणि पुन्हा आपला खळगा करतो.